आधी विष, मग औषध : सोलापुरातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जुलाबावर कोणतं द्रव्य खरंच चालतं ते तपासायच्या प्रकल्पाला निधीचं पत्र हातात पडलं. आता कामाला लागायचं. जिवंत जंतू आपल्या प्रयोगशाळेत आणायचे नाहीत. तेवढी जैवसुरक्षेची सोय नाही आणि तशी गरजही नाही. पटकीचे जुलाब जंतूमुळे होत असले तरी पाणी ओढून काढतं ते त्याचं विष. १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून, जंतू पूर्ण काढून टाकून, सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला आणि तरीही आतडं पाण्यानं फुगलं. तेव्हापासून नुसत्या विषावर प्रयोग करण्याची वाट मोकळी झाली. आपणही शुद्ध केलेलं कॉलरा टॉक्सिन विकत घेणार.

तपासायची द्रव्यं: डाळिंबाच्या सालीचा अर्क, मेडिकलमध्ये मिळणारं जुलाबाचं औषध रासेकॅडोट्रिल, आणि सीएफटीआर ही पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट बंद करणारं एक प्रयोगशाळेतलं रसायन. डाळिंबाची साल का, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. फळ आपलं आहे, साल ज्यूसवाले फेकून देतात, आणि ‘ढाळ लागले की सालीचं चूर्ण’ हे घरोघरी ठाऊक आहे. ठाऊक असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, म्हणून हा प्रकल्प.

एक निर्णय आजच लिहून ठेवते: एरंडेलाची चाचणी करायची नाही. जुलाबाच्या औषधांवर आपल्याकडे जे शोधनिबंध निघतात त्यांत उंदराला एरंडेल पाजायचं आणि पिंजऱ्याखालच्या टीपकागदावरचे डाग मोजायचे, ही पद्धत सर्रास दिसते. स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात उरकते. पण एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल ईपी३ नावाच्या ग्राहीमार्फत आतड्याच्या स्नायूंना चाळवतं. जंतूच्या विषाचा रस्ता पूर्ण वेगळा. शिवाय आतड्याची हालचाल मंदावणारं काहीही दिलं, लोपरामाइड दिलं, की डाग कमी होतात. पाणी आत साचतच राहतं, फक्त बाहेर येत नाही. कागद कोरडा आणि उंदीर आतून भरलेला. तसलं यश आम्हाला नको.

११ फेब्रुवारी

साल आणायला सांगोल्याला जाऊन आलो. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीच्या काकांची भगवा डाळिंबाची बाग. काका बोलता बोलता सहज म्हणाले, “मॅडम, साल न्या, पण मागच्या फवारणीची घेऊ नका.” तेल्या रोगासाठी बागेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात आणि स्ट्रेप्टोमायसिन असलेली पावडरही. म्हणजे सालीवर तांबंही असू शकतं आणि प्रतिजैविकही!

हे लक्षात आल्यावर वाचलेले जुने निबंध पुन्हा डोळ्यांपुढून गेले. ‘डाळिंबाच्या सालीचा अर्क जंतूंना मारतो’ असं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी फळ बाजारातून उचललं आणि फवारणीचा विचारच केला नाही? आमचं विष शुद्ध आहे, जंतू नाहीत, त्यामुळे प्रतिजैविकाचा इथे प्रश्न नाही. पण ज्या पेशींवर विष तपासायचं त्याच तांब्यानं मरतील, आणि मेलेल्या पेशीवर विषाचा परिणाम दिसत नाही म्हणून आम्ही टाळ्या पिटू. काकांनी घरच्यासाठी राखलेल्या, न फवारलेल्या झाडांची फळं दिली. तुलनेसाठी मंगळवार पेठेतल्या ज्यूसच्या गाड्यावरूनही एक पिशवी साल घेतली आहे.

सावलीत वाळवून, दळून, पाण्यातला काढा आणि अल्कोहोलमधला अर्क असे दोन प्रकार करायचे. फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकला की दोन्ही शाईसारखे निळे-काळे होतात; टॅनिन भरपूर आहे. ॲप्रनवर पडलेला डाग दोन धुण्यांनी निघाला नाही. सालीवर कापड रंगवतात ते उगाच नाही.

२० फेब्रुवारी

पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या संस्थेतून सीएचओ पेशी आल्या. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून काढून वाढवलेल्या या पेशी. काचेसारख्या प्लॅस्टिकच्या बाटलीत माध्यम काठोकाठ भरलेलं, झाकणाला पॅराफिल्म. विद्यार्थिनीनं ती बाटली हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोलापूरपर्यंत मांडीवर धरून आणली. शेजारच्या काकूंनी “लोणचं आहे का गं?” विचारलं म्हणे.

आतड्याच्या पेशी का नाही? टी८४ या मानवी पेशी जास्त योग्य आहेत, पण त्यांचा घट्ट थर जमायला आठवड्याहून अधिक लागतो आणि त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायला उसिंग चेंबर लागतो, जो आपल्याकडे नाही. सीएचओवर विषाचा परिणाम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतो. सत्तरच्या दशकापासून वापरात असलेली ही चाचणी आहे आणि लाइट गेली तरी बॅटरीवर पेशी मोजता येतात.

४ मार्च

विषाची कुपी उघडली. एक मिलिग्रॅम पांढरी भुकटी, निर्जंतुक पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये. गोठवायची नाही, हे फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवलंय, कारण इथे प्रत्येकाचा हात आधी फ्रीझरकडे जातो. मागवताना, टिकण्यासाठी घालतात ते अझाइड नसलेलीच मागवली होती. अझाइड स्वतःच पेशींना मारतं.

संध्याकाळी विष घातलं, सकाळी पाहिलं. एरवी ठेंगण्या, बुटक्या, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या पेशी रात्रीत ताणल्या गेल्या होत्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. गिरणीत काम केलेले आमच्या प्रयोगशाळेचे मामा सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाले, “ह्या तर चात्या झाल्या.” आता वहीत ‘लांबट पेशी’ऐवजी ‘चात्या’ असाच रकाना आहे. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर चाती, नाही तर नाही.

आतमध्ये काय घडलं ते मुलांसाठी इथे मांडून ठेवते. विषाचे दोन भाग: बी हा पाच पाकळ्यांचा, आणि त्यावर बसलेला ए. पाच पाकळ्या पेशीच्या बाहेरच्या जीएम१ नावाच्या मेदाला चिकटतात. मग अख्खं विष पेशीत ओढलं जातं, गॉल्जीमार्गे उलट्या दिशेनं आतल्या जाळ्यात पोचतं, आणि तिथून ए चा तुकडा सुटून बाहेर पडतो. तो जीएस या प्रथिनावर एक रासायनिक ठप्पा मारतो. त्या ठप्प्यामुळे जीएस बंदच होत नाही. ॲडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम अखंड चालू, आणि ते बनवतं तो पेशीतला निरोप्या रेणू, सायक्लिक एएमपी (पुढे नुसतं एएमपी), वाढतच जातो. आतड्यात या एएमपीमुळे सीएफटीआरची दारं उघडी राहतात, क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. सोडियम आत घेणारी एक वाटही त्याच वेळी मंदावते. सीएचओमध्ये सीएफटीआर नाही, तिथे तेच एएमपी पेशीचा आकार बदलतं.

ठप्पा एकदा बसला की पुसता येत नाही. याच मुद्द्यावर सगळा प्रकल्प उभा आहे.

१३ मार्च

आज होळी, सुट्टी. तरी विद्यार्थिनी येऊन प्लेट वाचून गेली आणि दुपारी फोन. “मॅडम, चात्या नाहीतच! एकही नाही म्हटलं तरी चालेल.” काकांच्या सालीचा काढा आणि विष एकत्र घातलेल्या खणांत पेशी अगदी पहिल्यासारख्या बुटक्या. ट्रिपॅन ब्लूनं तपासल्या, जिवंत आहेत. गाड्यावरच्या सालीत मात्र पेशींचा एक मोठा हिस्सा निळा, म्हणजे मेलेला. तांबं की आणखी काही, ते वेगळं बघू. गाड्यावरची साल इथून पुढे बाद.

तिला लगेच कॉन्फरन्सला गोषवारा पाठवायचा आहे. मी थांब म्हटलं. नाराज झाली असावी; पुरणपोळी आणून देणार होती, ती काही आली नाही.

१८ मार्च

थांबायला का सांगितलं ते आज प्लेटवर दिसलं.

पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा विष आधीच पोटात, पोटात म्हणण्यापेक्षा पेशीत गेलेलं असतं. औषध कधी मिळतं? नंतर. मग प्रयोगात औषध आधी किंवा बरोबर देऊन काय सिद्ध होणार? म्हणून तीन प्रकारे लावलं. पहिल्यात काढा आणि विष आधी नळीत मिसळून मग पेशींवर. दुसऱ्यात आधी काढा, धुवून टाकून मग विष. तिसऱ्यात आधी विष, एका तासानं ते धुवून टाकून मग काढा.

पहिल्यात चात्या नाहीत. दुसऱ्यात जवळपास विषाइतक्याच चात्या. तिसऱ्यातही तेच, काढा असून नसल्यासारखा.

म्हणजे काढा पेशीवर काही करत नाही. नळीत विषाला पकडतो, एवढंच. टॅनिनचा धर्मच तो: समोर येईल त्या प्रथिनाला मिठी मारायची. कातडं कमावतात ते यावरच, आणि कच्चं सुपारीचं खांड चघळल्यावर तोंड आक्रसतं तेही यामुळेच.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: यापुढे कुठल्याही द्रव्याला ‘चालतं’ म्हणायचं असेल तर ते तिसऱ्या प्रकारात चाललं पाहिजे. पहिल्या दोन प्रकारांचे आकडे फक्त ‘का चालतं’ ते शोधायला. गोषवाऱ्याचा विषय निघाला नाही, तिनंच काढला नाही.

२ एप्रिल

विषाला बगल देऊन एएमपी वाढवण्याचे दोन मार्ग वापरले. एक फोर्स्कोलिन, जे थेट ॲडेनिलेट सायक्लेजला चालू करतं. हे द्रव्य कोलियस या आपल्याकडच्याच वनस्पतीच्या मुळातून, मुंबईत मुलुंडच्या होएख्स्टच्या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात वेगळं केलं गेलं, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्यांना ते परदेशी कॅटलॉगमधलं नाव वाटत होतं. दुसरा मार्ग डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीत शिरू शकणारं तयार एएमपीच.

दोन्हींनी चात्या होतात, आणि काढ्यानं त्या थांबत नाहीत. शंका उरली नाही. एखादं द्रव्य फोर्स्कोलिनच्या चात्या थांबवतं पण तयार एएमपीच्या नाही, तर ते सायक्लेजपाशी काम करतंय. दोन्ही थांबवतं, तर त्याच्याही पुढे. प्रत्येक नमुना आता या चाळणीतून जाईल.

रासेकॅडोट्रिल इथे नापास झालं, आणि ते होणारच होतं. ते स्वतः काही थांबवत नाही. आतड्यातल्या एन्केफालिन या शरीराच्याच निरोप्या रेणूला तोडणारं एन्झाइम ते अडवतं. एन्केफालिन टिकलं की ते आपल्या ग्राहीमार्फत एएमपी खाली आणतं. सीएचओच्या खणात एन्केफालिनच नाही, मग टिकणार काय? मेडिकलवाल्याकडे रोज खपणारं औषध आपल्या चाचणीत शून्य ठरतं, यात दोष औषधाचा नाही. चाचणी काय बघू शकत नाही ते चाचणीच्या शेजारीच लिहिलेलं बरं.

११ एप्रिल

बाहेर ऊन असं की सेंट्रिफ्यूज थंड व्हायला अर्धा तास घेतं. नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून ऊर्ध्वपातनाचं काम पाण्याच्या दिवशीच उरकावं लागतं.

प्लेटवर जीएम१ चा थर देऊन एलायझा केला, म्हणजे थराला किती विष चिकटलं ते रंगावरून मोजलं. विष काढ्यात मिसळून घातलं तर ते जीएम१ ला चिकटतच नाही. आधी चिकटू दिलं आणि मग काढा घातला तर सुटून येत नाही. १८ मार्चला पेशींवर दिसलं ते इथे नुसत्या प्लेटवरही दिसलं.

मग ताकाचा प्रयोग. घराघरात सालीचं चूर्ण ताकातून देतात. ताकात केसीन, दुधाचं प्रथिन. काढ्यात आधी केसीन घातलं आणि मग विष मिसळलं तर चात्या परत आल्या! टॅनिन केसीनवरच खर्च झालं. विद्यार्थिनी म्हणाली, “म्हणजे आज्जीचं औषध आज्जीच्या ताकानंच मारलं.” वाक्य छान आहे, पण घाई नको. टॅनिन आणि अल्ब्युमिन मुद्दाम बांधून केलेलं जुलाबाचं औषध शंभराहून जास्त वर्षांपूर्वीपासून आहे; कल्पना अशी की पोटात टॅनिन बांधलेलं राहील आणि खाली आतड्यात प्रथिन पचलं की मोकळं होईल. केसीनवाल्या मिश्रणावर ट्रिप्सिन हे प्रथिन पचवणारं एन्झाइम सोडून, मग ट्रिप्सिन निष्क्रिय करून, पुन्हा बघायला हवं. यादीत टाकलं.

२८ मे

एप्रिलच्या शेवटापासून कागदपत्रं. उंदरांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज गेला होता. समितीनं विचारलं: पेशींवर काढा नापास झाला, मग उंदीर कशाला? प्रश्न रास्त. उत्तर असं दिलं: सीएचओमध्ये सीएफटीआर नाही. आणि टॅनिनच्याच भाऊबंदांतलं एक औषध, क्रोफेलेमर, ॲमेझॉनकडच्या एका झाडाच्या लाल चिकापासून काढलेलं, थेट क्लोराइडच्या वाटा बाहेरून अडवतं. अमेरिकेत २०१२ साली त्याला एचआयव्ही रुग्णांच्या जुलाबासाठी मान्यता मिळाली. डाळिंबाच्या सालीत तसं काही असेल तर आमच्या चात्यांना ते कधीच कळणार नाही. समितीनं प्राण्यांची संख्या कमी करायला लावून आणि वेदनाशामकाची अट घालून परवानगी दिली.

यंदा मे महिन्यातच पाऊस लागला. वाळत घातलेल्या सालीला बुरशी आली, तेवढी फेकली.

५ जुलै

उद्या आषाढी. पालख्या पंढरपुरात पोचल्या. विभागातली निम्मी मुलं आरोग्य शिबिरात ओआरएसची पाकिटं वाटायला गेली आहेत, त्यामुळे आज प्रयोग नाही.

बरंच झालं, एक गोष्ट नोंदवायला निवांत वेळ मिळाला. आम्ही जे काही शोधतोय ते ओआरएसच्या जागी नाही, जोडीला. विषानं क्लोराइडची वाट उघडी ठेवली तरी ग्लुकोजबरोबर सोडियम आत नेणारी वाट शाबूत असते, म्हणून साखर-मिठाचं पाणी चालतं. १९७१ साली बांगलादेश सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या पाकिटात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. ओआरएसनं माणूस वाचतो, पण जुलाब लगेच थांबत नाहीत. आईला वाटतं पाण्यानं काही झालंच नाही आणि ती पाजणं सोडते. औषधाला जागा आहे ती तिथे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवायला हवी. सीएफटीआर अडवणारं आयओडब्ल्यूएच०३२ हे द्रव्य पेशींत आणि प्राण्यांत उत्तम चाललं, पण देखरेखीखाली पटकीचा जंतू दिलेल्या स्वयंसेवकांत जुलाबाच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. आपला उंदीरही खूप काही सांगेल, सगळं नाही.

२४ जुलै

बांधलेल्या आतड्याचा प्रयोग. पद्धत डे यांचीच, ससा सोडून उंदीर. उपाशी ठेवलेल्या उंदराला केटामिन-झायलाझिन, पोटावर छोटा छेद, आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग रेशमी दोऱ्यानं दोन्हीकडून बांधायचा, त्यात १ मायक्रोग्रॅम विष. सहा तासांनी भाग काढून वजन आणि लांबी.

अडचण तिसऱ्या प्रकाराची होती. तोंडावाटे दिलेलं औषध बांधलेल्या भागात पोचणार कसं? शेवटी गुंगी चालू ठेवून, एका तासानं अगदी बारीक सुईनं दुसरं इंजेक्शन त्याच भागात, आणि सुईच्या भोकाच्या आतल्या बाजूला आणखी एक गाठ. हे विद्यार्थिनीचे हात. गाठ सैल बसली तर पाणी गळतं, घट्ट बसली तर रक्त थांबून आतडं काळं पडतं. काळा पडलेला प्रत्येक भाग हिशेबातून बाद, आणि बाद का केला ते वजन करायच्या आधीच वहीत लिहायचं.

निकाल: नुसतं सलाइन, आतडं चपटं. नुसतं विष, फुगून चकचकीत, भिंतीतून आतलं पाणी दिसतं. विषात मिसळलेला काढा, चपटं. विषानंतर काढा, फुगलेलं; नुसत्या विषापेक्षा किंचित कमी, पण तो फरक उंदरा-उंदरांतल्या फरकातच बुडून जातो. विषानंतर सीएफटीआर-रोधक रसायन पोटात टोचलं, तर स्पष्ट कमी. म्हणजे पद्धत ठीक आहे आणि उशिरा दिलेलं औषधही चालू शकतं. काढा चालत नाही.

विद्यार्थिनीनं हा तक्ता स्वतःहून भिंतीवर लावला, काढ्याची ओळ लाल शाईत.

८ ऑगस्ट

काढा अख्खा नापास झाला तरी त्यातला एखादा घटक उरतो. अर्क वजनानुसार वेगळा करायला घेतला आहे: छोट्या रेणूंचा भाग, मधला, आणि मोठ्या साखळ्यांचा. क्रोफेलेमरसारखं काही असेल तर ते शेवटच्या भागात. त्यासाठी टी८४ आणि उसिंग चेंबर लागणारच. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं सप्टेंबरमध्ये वेळ द्यायचं कबूल केलंय.

दुसरं विषही मागवलं: ई. कोलाय या जंतूचं, उष्णतेनं निकामी न होणारं एसटी. ते एएमपीऐवजी सायक्लिक जीएमपी वाढवतं, ग्वानिलेट सायक्लेज सी मार्फत, पण शेवटी त्याच सीएफटीआरच्या दारातून पाणी काढतं. (याच विषाच्या नकलेवर बद्धकोष्ठाचं औषध निघालंय, लिनाक्लोटाइड. कुणाचं काय तर कुणाचं काय!) दोन्ही विषांना जे थांबवेल ते दाराशीच काम करतंय असं धरता येईल. छोट्या पिल्लांवरची एसटीची चाचणी लागेल, म्हणजे समितीकडे पुन्हा अर्ज.

कॉन्फरन्सचा गोषवारा आज गेला. शीर्षक विद्यार्थिनीनंच दिलं: ‘डाळिंबाच्या सालीचा काढा विषाला बांधतो, जुलाब थांबवत नाही’. मी ‘उशिरा दिल्यास’ हे दोन शब्द घालायला लावले. काकांना सांगोल्याला फोन करून पुढच्या बहाराची न फवारलेली फळं राखायला सांगितली. ते म्हणाले, चार झाडं तुमच्या नावावर.

ट्रिप्सिनचा प्रयोग अजून राहिलाय. सोमवारी.